'इंग्रजी अशीच आहे, पाठ करा'

आठवीच्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, 'वॉक'ला 'ई-डी' लावलं की शेवटी 'डी' येतो ना? मग रेडिओवरच्या बातम्यांत 'वॉक्ट' का म्हणतात? 'ट' कुठून आला?" नोकरीतलं माझं दुसरं वर्ष होतं. बी.ए.ला इंग्रजी साहित्य, बी.एड.ला इंग्रजीच मेथड, पाठ टाचण रोजच्या रोज लिहिलेलं. उत्तर मात्र नव्हतं. मी म्हणालो, "इंग्रजी अशीच आहे. पाठ करायचं." ती खाली बसली. त्या वर्षी तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

उत्तर पुढं काही वर्षांनी सापडलं. ते शाळेत असल्यापासून आपल्याजवळ होतं हे कळलं, तेव्हा त्या मुलीची आठवण होऊन फार वाईट वाटलं. मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला व्यंजनसंधी शिकवतात. विपद् आणि काल एकत्र आले की विपत्काल होतो. 'द्'चा 'त्' होतो, कारण शेजारी 'क' आहे. 'क' कठोर, म्हणून त्याच्या शेजारचा मृदू वर्णही कठोर होतो. 'वॉक'च्या शेवटी तोच 'क' आहे, आणि त्याच्या शेजारी येऊन 'ड'चा 'ट' होतो. संस्कृतात पुढचा वर्ण मागच्याला बदलतो, इथं मागचा पुढच्याला, एवढाच फरक. 'प्ले'च्या शेवटी स्वर आहे, स्वर मृदू, म्हणून 'प्लेड'. 'वॉन्ट'च्या शेवटी आधीच 'ट' आहे, त्याला आणखी एक तसाच वर्ण चिकटला तर कानाला वेगळा कळणार नाही, म्हणून मध्ये स्वर येतो आणि 'वॉन्टिड' होतं. अनेकवचनाचा 'एस'सुद्धा याच वाटेनं जातो. 'कॅट'नंतर तो 'स' राहतो, 'डॉग'नंतर 'जहाज'मधल्या 'ज'च्या जवळचा मृदू ध्वनी होतो, 'बस'नंतर स्वराला सोबत घेऊन येतो. 'ही वर्क्स', 'शी रन्ज' यांतलाही तोच आणि मालकी दाखवणाराही तोच. भूतकाळ, अनेकवचन, वर्तमानकाळातलं तृतीयपुरुषी एकवचन, मालकी, या चारही जागी एकच नियम चालतो, आणि त्याची किल्ली मराठीच्या तासाला मुलांच्या हातात दिलेली असते. 'इंग्रजी अशीच आहे' म्हणताना मी एका अत्यंत नियमबद्ध गोष्टीला लहरी ठरवत होतो, आणि प्रश्न विचारणं हाच दोष आहे असं एका हुशार मुलीला शिकवत होतो.

इंग्रजीच्या शिक्षकाला विषयज्ञान हवं, असं म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही. अडचण पुढं येते. गणिताच्या शिक्षकाचा विषय कोणता हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजीच्या शिक्षकाचा विषय नेमका कोणता? पालकांना विचारलं तर ते म्हणतात, फाडफाड बोलता आलं पाहिजे. विद्यापीठाला विचारलं तर उत्तर येतं शेक्सपिअर, वर्ड्‌स्वर्थ, व्हिक्टोरियन कादंबरी. शाळेत विचारलं तर पाठ्यपुस्तक, त्यातल्या कविता आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडा. या तिन्ही गोष्टी शिक्षकाजवळ असाव्यात, पण तिन्ही असूनही 'ट' कुठून आला हे सांगता येत नाही, याचा मी स्वतः पुरावा आहे. माझ्या मते इंग्रजीच्या शिक्षकाचा विषय म्हणजे इंग्रजी ही भाषा, तिचे ध्वनी, तिची वाक्यरचना, शब्दांचे एकमेकांशी असलेले संबंध. आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकासाठी त्या विषयाचा अर्धा भाग मराठी हा आहे. जी भाषा मुलांच्या तोंडात आधीपासून आहे ती कुठं इंग्रजीला वाट करून देते आणि कुठं अडवते, हे माहीत नसेल तर इंग्रजीचं ज्ञान अपुरं राहतं.

फाडफाड बोलण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या कल्पनेनं आपल्या खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांना फार काळ खाली मान घालायला लावली आहे. लहानपणापासून इंग्रजीत वाढलेल्या माणसाला चूक ऐकताक्षणी कळते, पण ती चूक का, हे बहुधा सांगता येत नाही. आपलंही मराठीत तसंच आहे. 'मी गाय शोधतोय' आणि 'मी गाईला शोधतोय' यांत फरक काय, असं कुणा अमराठी माणसानं विचारलं तर आपण क्षणभर थांबतो. बाजारात विकत घ्यायला कोणतीही एक चांगली गाय हवी असेल तर 'गाय शोधतोय'. आपली गाय दावं तोडून गेली असेल तर 'गाईला शोधतोय'. शेतकऱ्याचं चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही, पण नियम विचारला तर मोठ्यांनाही सांगता येत नाही. बोलता येणं आणि भाषा कशी चालते हे माहीत असणं या दोन वेगळ्या कमाया आहेत, आणि दुसरी कुणाला घरातून मिळत नाही. ती अभ्यासानंच करावी लागते. म्हणूनच मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षकाला ती कमावण्याची पूर्ण संधी आहे.

ही गाय मी आता दरवर्षी वर्गात आणतो. मराठीत इंग्रजीसारखी 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, म्हणून मुलांना ती जमत नाहीत, असं आपण म्हणतो. पण 'कोणतीही एक' आणि 'आपल्याला ठाऊक असलेली तीच' हा भेद मराठी मुलाच्या डोक्यात पक्का आहे. मराठी तो भेद काही ठिकाणी 'ला' लावून दाखवते, काही ठिकाणी 'एक' आणि 'तो' वापरून. 'काल एक माणूस आला होता. तो माणूस म्हणाला...' इथं पहिल्या माणसाला इंग्रजीत 'अ' लागतो, दुसऱ्याला 'द'. सगळे प्रसंग यात बसत नाहीत. नद्या, पर्वतरांगा, वाद्यं यांच्यापुढचा 'द' वेगळा शिकवावा लागतो. तरी सुरुवात ओळखीच्या जागेवरून होते. ज्यानं मराठीतली गाय कधी न्याहाळली नाही, तो शिक्षक 'अ, ॲन, द'ची रिकाम्या जागा भरायची पन्नास वाक्यं देतो. मुलं ती अंदाजानं भरतात आणि अंदाजानंच चुकतात.

अपुऱ्या ज्ञानामुळं नुसती उणीव राहते असं नाही, उलटं ज्ञानही दिलं जातं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी' हे समीकरण. पिढ्यान्‌पिढ्या ते फळ्यावर लिहिलं जातंय. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद आंब्याच्या मागं जातं, आंब्याऐवजी पोळी असती तर 'खाल्ली' झालं असतं. आता विद्यार्थ्यानं शिक्षकाचं ऐकून त्याचं इंग्रजी केलं तर 'अ मँगो वॉज ईटन बाय राम' असं होईल. खरं तर साधं 'राम एट अ मँगो' हवं होतं. मुलगा नियमाप्रमाणे चालला आणि त्याला लाल शेरा मिळाला. आपल्या व्याकरणकारांनी ही गल्लत होऊ नये म्हणून सोय करून ठेवली आहे. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' या रचनेला त्यांनी 'नवीन कर्मणी' असं वेगळं नाव दिलं, आणि पॅसिव्हशी जुळते ती ही रचना. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ प्रयोगांची एवढी बारकाईनं केलेली चर्चा आपल्या भाषेत उपलब्ध आहे आणि इंग्रजीच्या शिक्षकाला ती आपल्या कामाची आहे असं वाटत नाही, कारण ते मराठीचं पुस्तक!

शिवाय पॅसिव्ह आपण शिकवतो तो सूत्रासारखा. कर्म पुढं आणा, 'टु बी'चं रूप घाला, तिसरं रूप लिहा, शेवटी 'बाय' लावून कर्ता. दहावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये गुण मिळतात. पण माणसं पॅसिव्ह वापरतात तेव्हा बहुतेक वेळा 'बाय' नसतोच. दुकान फोडलं गेलं, रस्ता बंद ठेवण्यात आला आहे, अशा ठिकाणी करणारा कोण ते माहीत नसतं, सांगायचं नसतं किंवा महत्त्वाचं नसतं. हे ज्या मुलाला कळलं त्याला वर्तमानपत्रातली बातमी वेगळी दिसू लागते. कोण लपलंय, हे तो वाक्यात शोधायला लागतो. ही भाषेची समज सूत्रानं येत नाही, आणि शिक्षकाला तिचा पत्ता नसेल तर मुलापर्यंत पोचायला दुसरा रस्ता नाही.

असंच 'आय हॅड गॉन टु पुणे येस्टर्डे'. तपासायला वह्यांचा गठ्ठा घेतला की हे वाक्य भेटतंच. आपण 'हॅड गॉन' खोडून 'वेन्ट' लिहितो आणि पुढच्या वहीकडं जातो. मूल चुकलेलं नाही, ते मराठीशी इमान राखतंय. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठीत सरळ वाक्य आहे. जाऊन परत आलो, गोष्ट संपली, एवढंच 'होतो' सांगतो. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र आधाराला भूतकाळातली दुसरी घटना लागते, तू आलास त्याच्या आधी मी गेलो होतो, अशी. हे दोन मिनिटांत सांगता येतं. न सांगितल्यामुळं मुलं तीच चूक बारावीपर्यंत नेतात आणि मग नोकरीच्या अर्जातही लिहितात.

शब्दांकडं वळलं तर प्रकरण आणखी अवघड आहे. पाठ सुरू करण्याआधी फळ्यावर शब्दार्थ लिहायचे, एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, ही आपली जुनी रीत. त्यातून मुलांची अशी समजूत होते की प्रत्येक शब्दाला दुसऱ्या भाषेत एक जोडीदार असतो. मराठीतलं एक 'लावणे' घ्या. झाड लावतो, दिवा लावतो, दार लावतो, औषध लावतो, पैज लावतो, पंखा लावतो, नंबर लावतो, वेळ लावतो, नादी लावतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद. उलट इंग्रजीतले 'मेक' आणि 'डू' दोन्ही आपल्याकडं 'करणे'. मग मुलगा 'डू अ मिस्टेक' लिहितो. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या सोबतीनं राहतो हे कळायला शिक्षकाचं वाचन लागतं, पाठ्यपुस्तकाबाहेरचं, रोजचं. आणि जवळ एक चांगला शब्दकोश लागतो. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी परभाषी विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. १९४२ साली तो तोक्योत निघाला आणि १९४८पासून ऑक्सफर्डच्या नावानं जगभर गेला. कोणत्या क्रियापदापुढं काय येतं, कोणतं नाम मोजता येतं, कोणतं येत नाही, हे त्यात दिलेलं असतं, कारण विद्यार्थी नेमके तिथंच अडतात. त्या कोशामागं वर्गात शिकवताना पाहिलेल्या अडचणी आहेत.

हे सगळं शिक्षकांच्या आळसावर ढकलायला मी तयार नाही. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. निर्णयाचा हेतू चांगला होता आणि गरिबांच्या मुलांना त्याची गरजही होती. पण पहिली-दुसरीला सगळे विषय एकच गुरुजी किंवा एकच बाई शिकवतात. ज्यांनी स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली, मराठीतून डी.एड. केलं आणि कधी इंग्रजी शिकवावं लागेल असं ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या हातात एका उन्हाळ्यात नवं पुस्तक आलं. प्रशिक्षणं झाली, अजून होतात. गाणी, खेळ, चित्रकार्डं, गटकार्य. त्यातलं बरंच मला आवडतं आणि मी वापरतोही. पण या प्रशिक्षणांत गृहीत एकच असतं, ते असं की 'काय शिकवायचं' ते शिक्षकाला येतंच, 'कसं' तेवढं सांगायचंय.

पात्रता परीक्षेतही हेच गृहीत आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं २०११ साली टीईटीचा जो आराखडा ठरवला, त्यात सहावी ते आठवीच्या शिक्षकासाठी १५० गुणांचा पेपर आहे. बालमानसशास्त्राला ३०, दोन भाषांना ३०-३०, आणि उरलेले ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांना. इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यालाही हे ६० गुण गणित-विज्ञानाचे नाही तर इतिहास-भूगोलाचे द्यावे लागतात. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला उत्तीर्ण व्हायला ९० गुण पुरतात, विषयवार किमान गुणांची अट नाही. म्हणजे इंग्रजीच्या तिसांपैकी एकही गुण न मिळालेला उमेदवार कागदावर इंग्रजी शिकवायला पात्र ठरू शकतो. असं प्रत्यक्षात किती वेळा घडतं हा मुद्दा वेगळा. नियम करणाऱ्यांना ते अशक्य करून ठेवावंसं वाटलं नाही, हे मला खटकतं.

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानं १९८६ साली याच गोष्टीकडं लक्ष वेधलं होतं. कॅलिफोर्नियातली १८७५ सालची शिक्षकांची परीक्षा त्यानं काढून दाखवली. ती जवळजवळ सगळी विषयांची होती. शंभर वर्षांनंतरच्या परीक्षांत विषय मागं पडला होता आणि वर्गव्यवस्थापन, पाठनियोजन वगैरे पुढं आलं होतं. शुलमनला जुना काळ परत आणायचा नव्हता. त्याचं म्हणणं असं की या दोहोंच्या मध्ये एक तिसरं ज्ञान असतं. अमुक भाग मुलांना का अवघड जातो, ती येताना कोणती समजूत घेऊन येतात, कोणतं उदाहरण दिलं की गाठ सुटते, हे ज्ञान. विषय कोळून प्यायलेल्या पण कधी न शिकवलेल्या माणसाजवळ ते नसतं, आणि विषय न येणाऱ्या उत्तम प्रशिक्षिताजवळही नसतं. विपत्काल, गाय आणि 'लावणे' ही त्याच ज्ञानाची मराठी उदाहरणं आहेत. ती कोणत्याही इंग्रजी पुस्तकात तयार मिळणार नाहीत. ती आपल्यालाच शोधावी लागतील.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. काही जाणकार म्हणतात, व्याकरण समजावून भाषा येत नाही. ती ऐकून, वापरून येते. मग शिक्षकाच्या डोक्यात एवढं व्याकरण कशाला? याचं उत्तर दक्षिणेतल्या एका प्रयोगात आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या काही शाळांत व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून कामांमधून इंग्रजी शिकवून पाहिलं. मुलं रेल्वेचं वेळापत्रक वाचायची, नकाशावर रस्ता शोधायची, आणि लक्ष अर्थाकडं असायचं. मी हा प्रयोग फार मोठा मानतो. पण ज्यानं असा तास घेऊन पाहिलाय त्याला ठाऊक आहे की त्यात शिक्षकाला लपायला जागा नसते. पाठ केलेलं वाक्य तिथं उपयोगी पडत नाही. मुलानं मोडक्या इंग्रजीत काही म्हटलं की त्याला नेमकं काय म्हणायचंय हे ओळखून तेच नीट शब्दांत त्याच्याकडं परत द्यावं लागतं, त्याच क्षणी. व्याकरण फळ्यावरून गेलं तरी शिक्षकाच्या कानात असावंच लागतं. याच प्रभूंनी १९९०मध्ये लिहिलं की सर्वांत चांगली अशी एक पद्धत नसते, आपल्या शिकवण्यातून शिकणं कसं घडतं याची शिक्षकाची स्वतःची जिवंत समज असावी लागते. मी त्यापुढं एवढंच विचारतो, की विषयच परका असेल तर ही समज कशाच्या आधारानं उभी राहणार?

हा प्रश्न मला एवढा लागून राहतो त्याचं कारण वेगळं आहे. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. त्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायचं कळकळीनं आवाहन केलंय. ज्यांना हजारो वर्षं ज्ञानाच्या दारात उभं राहू दिलं नव्हतं, त्यांना ही भाषा नवं दार वाटली. आज त्या दाराशी कोण उभं आहे? शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलाला शिक्षकानं चुकीचं सांगितलं तरी घरात आई-वडील आहेत, पुस्तकं आहेत, इंग्रजी सिनेमे आहेत. चूक कुठंतरी दुरुस्त होते. ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या आयुष्यात इंग्रजीचा झरा एकच, तिची शाळेतली बाई. ती बाई 'वॉकेड' म्हणाली तर त्या मुलीसाठी तोच उच्चार. ती म्हणाली 'इंग्रजी अशीच आहे', तर तिच्यासाठी इंग्रजी कायमची तशीच. पुढं सेमी इंग्रजीत तिच्या वाट्याला गणित आणि विज्ञानही याच भाषेतून येतं, आणि 'इफ' व 'ओन्ली इफ' यांतला फरक न कळल्यामुळं ती गणितात कच्ची ठरते.

गेल्या काही वर्षांपासून आमच्या केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत मी एक आग्रह धरतो. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या दोन वह्या आणायच्या, इंग्रजीच्या, लाल पेनानं न तपासलेल्या. एक चूक निवडायची आणि ती मुलानं का केली असेल ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. मराठीत ते वाक्य कसं आहे, इंग्रजीत कुठं वळण बदलतं, मुलाला सांगायचं तर कोणत्या शब्दांत. सुरुवातीला सगळे गप्प असायचे. आपल्याला येत नाही हे चारचौघांत उघडं पडेल ही भीती होती, ती मलाही होती. एकदा दुसरीला शिकवणाऱ्या एका मॅडमनी वही पुढं केली. 'धिस इज अ माय बुक.' इतकी साधी चूक आणल्याबद्दल त्या संकोचल्या होत्या. पण 'माय'च्या आधी 'अ' का चालत नाही, हे आम्हा बारा-पंधरा जणांपैकी कुणालाच पटकन सांगता येईना. 'माय' आणि 'अ' एकाच खुर्चीवर बसणारे शब्द आहेत, एक बसला की दुसऱ्याला जागा नाही, इथपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. मग कुणीतरी म्हणालं, मराठीत 'माझं एक पुस्तक' चालतं की. तिथं दोन खुर्च्या आहेत, म्हणून मूल दोन्ही आणतं. त्यावर त्या मॅडमनी विचारलं, "मग 'माझं एक पुस्तक'ला इंग्रजीत काय म्हणायचं?" चहा आला होता, तो तसाच राहिला. 'अ बुक ऑफ माइन'मध्ये 'माय'चा 'माइन' का होतो, यावर आम्ही अजून बोलत होतो.